काळ वाद्यात की गळ्यात? ऐतिहासिक चित्रपटांच्या संगीताचा आढावा

‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) रात्रीच्या बागेत सलीम आणि अनारकली भेटतात, तेव्हा पलीकडे तानसेन गात असतो. राग सोहनी, आवाज उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचा. हिंदी चित्रपटातल्या सर्वोत्तम प्रणयदृश्यांत हे दृश्य गणलं जातं. पण इतिहासाचा हट्ट धरला तर ते टिकत नाही. तानसेन ध्रुपद गाणारा. पडद्यावरचा तानसेन मात्र ख्याल-ठुमरीच्या अंगाने आळवतो. दिल्ली दरबारात ख्यालाला मान मिळाला तो मोहम्मदशहा रंगीले याच्या कारकिर्दीत (१७१९-१७४८), सदारंगाच्या बंदिशींमुळे. ठुमरी बहरली एकोणिसाव्या शतकातल्या लखनौत. म्हणजे अकबराच्या दरबारातला गवई आपल्या मृत्यूनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी मान्यता पावलेली गायकी गातो आहे. मोजके जाणकार सोडले तर गेल्या सहा दशकांत याचा कुणाला त्रास झालेला दिसत नाही.

याउलट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ प्रदर्शित झाला. चित्रपट तुफान चालला, विकी कौशलच्या संभाजी महाराजांचं कौतुक झालं, पण ए. आर. रहमान यांचं संगीत अनेक प्रेक्षकांना आणि समीक्षकांना खटकलं. ‘हे त्या काळाचं वाटत नाही’, ‘हे आपल्या मातीतलं नाही’ अशा तक्रारी झाल्या. गंमत अशी, की याच रहमान यांच्या ‘लगान’ आणि ‘जोधा अकबर’च्या संगीताबद्दल असा सूर फारसा उमटला नव्हता.

एका चित्रपटाला दीडशे वर्षांची चूक माफ होते आणि दुसऱ्याला ‘वाटत नाही’ एवढ्यावरून शिक्षा होते. हा केवळ प्रेक्षकांचा लहरीपणा आहे, की संगीत आणि काळ यांच्या नात्याबद्दल आपल्या कानांना काही कळतं, जे आपण नीट मांडत नाही? गेल्या नव्वद वर्षांतले मराठी-हिंदी ऐतिहासिक चित्रपट, आणि थोडे परदेशी, समोर ठेवून याचा विचार करता येतो.

कथेतलं गाणं, कथेबाहेरचं संगीत

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. चित्रपटातलं काही संगीत पात्रांना ऐकू येतं: देवळातलं कीर्तन, कोठ्यावरचा मुजरा, शाहिराचा पोवाडा, नगारखान्यातला चौघडा. बाकीचं फक्त आपल्याला ऐकू येतं. कोंढाण्याचा कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या मागे व्हायोलिनं वाजतात, ती मावळ्यांच्या कानावर पडत नाहीत. या दुसऱ्या संगीताकडे काळाचा दाखला मागण्यात अर्थ नाही, कारण पार्श्वसंगीत ही गोष्टच सतराव्या शतकात नव्हती. तिथे तुतारी वाजवली काय आणि सिंथेसायझर वाजवला काय, दोन्ही आजच्या दिग्दर्शकाचंच भाष्य असतं. पात्रांना ऐकू येणाऱ्या संगीताला मात्र हा प्रश्न विचारता येतो आणि विचारायलाच हवा.

आपल्या चित्रपटांची पंचाईत ही, की त्यांतली गाणी या दोन्हींच्या मधे लोंबकळतात. नायिका दरबारात नाचते म्हणजे गाणं कथेतलं. पण पडद्यावर दोन सारंगिये आणि एक तबलजी दिसत असताना कानावर अख्खा वाद्यवृंद येतो. शिवाय आपलं गाणं तीन-साडेतीन मिनिटांच्या मुखडा-अंतऱ्याच्या साच्यात बसवलेलं असतं, आणि तो साचा ७८ फेऱ्यांच्या तबकडीने पक्का केलेला आहे. फडावरची लावणी दौलतजादा होत राहील तशी लांबते. बैठकीतली ठुमरी एका ओळीवर पाव तास रेंगाळते. म्हणजे लांबीपासूनच आपलं प्रत्येक ऐतिहासिक गाणं विसाव्या शतकाचं अपत्य असतं. ही सूट प्रेक्षकाने सिनेमाला केव्हाच देऊन टाकली आहे. प्रश्न उरतो तो ही सूट दिल्यावरही काय खटकतं, याचा.

१९०२ च्या अलीकडे आणि पलीकडे

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची ती सुरुवात. त्या तारखेच्या अलीकडचा आवाज आपल्याला ताडून पाहता येतो. पलीकडचा सगळा आवाज अनुमानाचा.

अनुमानाला आधार नसतो असं नाही. शिवकाळापुरतं बोलायचं तर रायगडावरचा नगारखाना आजही उभा आहे. शिंगं, कर्णे, नगारे ही लष्करातली आणि दरबारातली वाद्यं. डफ आणि तुणतुणं ही शाहिराची साथ, संबळ गोंधळ्याचं, टाळ, वीणा आणि पखवाज वारकऱ्यांचा. अफजलखानाच्या वधावरचा अगीनदासाचा पोवाडा आपल्याकडे आहे, पण शब्दांत. तो ज्या चालीत म्हटला गेला ती कुणी लिहून ठेवली नाही. पोवाड्यांचे स्वर टिपून ठेवायची पद्धतच नव्हती. परंपरेने चाली आल्या, पण येताना त्या बदलत आल्या.

वाद्यांच्या बाबतीत चूक पकडणं सगळ्यांत सोपं. हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकातलं युरोपी वाद्य, त्यामुळे तुकोबांच्या कीर्तनात ती दिसली तर ती ढळढळीत चूक. तबला आणि सतार आज आपण ओळखतो त्या रूपात अठराव्या शतकापासूनच्या, म्हणून अकबराच्या दरबारात तबला वाजला की संगीताचा अभ्यासक नाक मुरडतो. पण अशी जन्मसालं तपासून चित्रपटाला नापास करायचं ठरवलं तर एकही चित्रपट पास होणार नाही.

त्याहून खोल असा एक कालविपर्यास आहे, ज्याच्याकडे आपलं क्वचित लक्ष जातं. तो म्हणजे मायक्रोफोन. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रुळलं. त्याआधी गाणाऱ्याला आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत, फडाच्या टोकापर्यंत, देवळाच्या ओवरीपर्यंत स्वतःच्या छातीवर पोचवावा लागे. त्यामुळे शाहिराची हाळी, कीर्तनकाराचा खडा सूर, संगीत नाटकातल्या नटाची पल्लेदार तान हा त्या गायकीचा सांगाडाच होता. श्रोत्याच्या कानाशी येऊन कुजबुजल्यासारखं गाणं ही माईकची देणगी आहे. म्हणून सतराव्या शतकातल्या प्रसंगावर असं श्वासाच्या आवाजासकट गायलेलं गाणं आलं, की साथीला अस्सल संबळ असला तरी कान म्हणतो, हे आजचं आहे. बडे गुलाम अलींचा तानसेन या कसोटीवर उतरतो. त्याची गायकी चुकीच्या शतकातली असेल, पण तो आवाज दरबार भरणारा आहे. नौशाद सांगत, की या गाण्यांसाठी खाँसाहेबांनी एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि के. आसिफ यांनी ते दिले. त्या काळात आघाडीच्या पार्श्वगायकांना याच्या पासंगालाही पुरेल एवढी रक्कम मिळत नसे. आसिफ यांनी पैसे मोजले ते पार्श्वगायकाकडून न मिळणाऱ्या गोष्टीसाठी.

नौशाद यांनी हे गणित आठ वर्षं आधीच केलं होतं. ‘बैजू बावरा’त (१९५२) तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्कर गायले. दोघांच्या जुगलबंदीतला ख्याल अकबराच्या काळाशी जुळत नाही, पण दोन घडलेले गळे समोरासमोर आल्यावर स्पर्धा खरी वाटते. बैजू जिंकतो यावर विश्वास ठेवायला ती स्पर्धा खरी वाटणंच गरजेचं होतं.

देहू आणि पेशवाई

काळ गळ्यातून उभा करण्याचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण अजूनही प्रभातच्या ‘संत तुकाराम’चं (१९३६) आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. चित्रपटाच्या सुरुवातीला तुकाराम अभंग गातात आणि पाठोपाठ तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो. शब्द तेच. पण तुकारामांचं गाणं साधं, विठ्ठलापुढे बसून स्वतःशी बोलल्यासारखं. सालोमालोचं नाटकी, ताना-मुरक्यांनी मढवलेलं, समोरच्यांकडून वाहवा मिळवण्यासाठीचं. खलनायकाचा दंभ सांगायला एकही संवाद लागत नाही. इथे संगीताने काळ कसा साधला ते पाहण्यासारखं आहे. भोळे यांनी सतराव्या शतकातली चाल शोधून काढली नव्हती, तशी ती सापडण्याची शक्यताही नव्हती. त्यांनी १९३६ च्या प्रेक्षकाला माहीत असलेल्या दोन गायकी समोरासमोर ठेवल्या: संगीत रंगभूमीची आणि वारकऱ्याची. प्रेक्षकाने त्यातली कुठली देहूची हे बरोबर ओळखलं.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला ‘आधी बीज एकले’ हा अभंग इतका जमून गेला, की तो तुकोबांचाच समजून लोक गाथेत धुंडाळू लागले. काळाशी सुसंगत असणं आणि काळातलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका गाण्यावरून पटतं. गाण्याने तुकोबांच्या शब्दकळेची आणि वारकऱ्याच्या म्हणण्याच्या लयीची शिस्त पाळली, मग ते कुठल्या सालात रचलं याने फरक पडला नाही.

पेशवाईच्या अखेरच्या काळाकडे मराठी चित्रपट वळला तो शाहिरांच्या वाटेने. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या दोन्हींचं संगीत वसंत देसाई यांचं. पहिल्याची पटकथा-गीतं ग. दि. माडगूळकरांची आणि शाहिराच्या भूमिकेत संगीत रंगभूमीवरून आलेले जयराम शिलेदार. दुसऱ्यात होनाजी झालेले पंडितराव नगरकर. दोन्ही चित्रपटांत नायकपदी गाणारा नट घेतला आणि त्यामुळे अर्धं काम तिथेच झालं. शाहीर गातो तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि छाती फुलते. आवाज आणि शरीर एकाच माणसाचं असल्याचा विश्वास पडद्यावर दुसऱ्या कशानेही येत नाही. ‘अमर भूपाळी’तली भूपाळी आज अनेक घरांत परंपरेने आलेली चाल म्हणूनच ऐकली जाते. एखादी नवी चाल पन्नास वर्षांत ‘जुनी’ होते ती अशी. यात संगीतकाराचं यश आहे, तसाच पुढच्या संगीतकारांसाठी एक सापळाही आहे. त्याकडे पुढे येतो.

लखनौचे दोन मार्ग

एकोणिसाव्या शतकातल्या अवधवर चार वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट आले आणि दोघांनी दोन टोकांच्या वाटा धरल्या. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त (१९७७) संगीत त्यांचं स्वतःचं. काळ १८५६, इंग्रज अवध गिळायच्या तयारीत. इथे गाणं येतं ते फक्त जिथे त्या समाजात गाणं होतं तिथेच. वाजिद अली शाहच्या दरबारात कथक होतं, त्याची रचना बिरजू महाराजांची, ठुमरीलाही आवाज त्यांचाच, आणि नाचतात शाश्वती सेन. बिरजू महाराज हे लखनौ घराण्याचे, त्यांचे पूर्वज याच दरबाराशी जोडलेले. राय यांनी संशोधन केलं नाही असं नाही, पण त्यांनी सर्वांत मोठी खबरदारी घेतली ती परंपरेच्या वारसाला बोलावण्याची.

मुझफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ (१९८१) हा मात्र गाण्यांचाच चित्रपट. खय्याम यांची चाल, शहरयार यांच्या गझला, आशा भोसले यांचा आवाज. कोठ्यावरची तवायफ ठुमरी, दादरा, गझल हे सगळं गात असे आणि ते लांबवून, खुलवून गात असे. चित्रपटातल्या गझला नेटक्या, अंतऱ्यांमधे वाद्यवृंद असलेल्या, पूर्णपणे सिनेमाच्या साच्यातल्या. काटेकोर पाहिलं तर राय जिंकतात. तरी लखनौ म्हटलं की आपल्याला आठवतो तो ‘उमराव जान’. त्याचं एक कारण खय्याम यांच्या एका निर्णयात आहे. त्यांनी आशाताईंना नेहमीच्या पट्टीपेक्षा खालच्या सुरात गायला लावलं. चपळ, झळाळता, वरच्या सप्तकात खेळणारा त्यांचा प्रसिद्ध आवाज त्यांनी बाजूला ठेवला आणि त्या जागी एक जड, सोसलेला, आतून येणारा आवाज आणला. चित्रपट स्त्रीचं आयुष्य मागे वळून सांगतो आणि आवाजाला ते वय आहे. खय्याम आणि आशा भोसले दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पट्टी बदलण्याचा हा निर्णय शंभर सारंग्यांच्या वजनाचा होता.

गाणं कुठे बसतं

गळ्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे जागा. कोण, कुणासमोर, कुठे गातो? प्रत्येक काळात याचे नियम असतात आणि ते वाद्यांपेक्षा कडक असतात.

संजय लीला भन्साळी यांच्या ‘बाजीराव मस्तानी’तल्या (२०१५) ‘पिंगा’वरून झालेला वाद या दृष्टीने वाचायला हवा. संगीतही भन्साळी यांचंच. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात याला आणि त्यांच्या पोशाखाला. ठेका मराठी होता, गाणाऱ्यांमध्ये वैशाली माडे यांच्यासारखा मराठी आवाज होता, शब्दांत मराठीपण पेरलेलं होतं. तरीही खटकलं, कारण पिंगा हा मंगळागौरीच्या रात्री बायकांनी बायकांत खेळायचा खेळ, आणि गाण्याने त्याला लावणीच्या अदाकारीसारखं प्रेक्षकासमोरचं रूप दिलं. संगीताने घराच्या आतली गोष्ट फडावर नेली. कथा अठराव्या शतकातल्या पुण्यातली असेल, तर तिथे या दोन जागांमधली भिंत फार जाड होती. वाद घालणाऱ्यांचे काही मुद्दे भावनिक होते हे खरं, पण त्यांचा कान चुकला नव्हता.

‘जोधा अकबर’मध्ये (२००८) उलट घडलं. रहमान यांच्या ख्वाजांवरच्या गीतात उंच टोप्या घातलेले दरवेशी गोल गोल फिरतात. हे फिरणं तुर्कस्तानातल्या मेवलेवी पंथाचं, कोन्याचं. अजमेरच्या चिश्ती परंपरेचं अंग कव्वालीचं. इतिहासाच्या दृष्टीने ही भेसळ. पण भक्तीचं गाणं भक्तीच्या जागी आहे, बादशहा ऐकता ऐकता उठून त्यात सामील होतो, आणि प्रेक्षकाला आतून पटतं. जागा बरोबर साधली की तपशिलाची चूक पचते. जागा चुकली की अचूक तपशीलही उपयोगाचा राहत नाही.

‘लगान’ (२००१) इथे सोबत ठेवावा. १८९३ चं कल्पित चंपानेर गाव, संगीत पुन्हा रहमान यांचंच. त्यात नायिका लोकधाटणीच्या चालीत प्रेम व्यक्त करते आणि गोरी मेमसाहेब त्याच गाण्यात इंग्रजी शब्दांत, पाश्चात्त्य वाद्यमेळावर. प्रत्येक पात्राला त्याच्या त्याच्या समाजाचा आवाज मिळाला. गाव कल्पित असल्याने तिथला ‘खरा’ सूर कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून तक्रारीलाही जागा उरली नाही.

जिथे तबकड्या साक्षीला आहेत

ध्वनिमुद्रणानंतरच्या काळावरचे चित्रपट वेगळ्या परीक्षेला बसतात, कारण तिथे मूळ उत्तरपत्रिका उपलब्ध असते. ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) हे धाडस होतं. नारायणराव राजहंसांच्या तबकड्या महाराष्ट्रातल्या हजारो घरांत वाजलेल्या. त्यांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा असत, हे रसिकांना पाठ. सुबोध भावे यांच्या अभिनयाला आनंद भाटे यांचा गळा मिळाला आणि कौशल इनामदार यांनी संगीताची बाजू सांभाळली. भाटे लहानपणापासून गंधर्वगायकी गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले गेलेले. त्यांना या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वन्समोअर घेत पहाटेपर्यंत रंगणारी नाट्यपदं चित्रपटात अर्थातच काही मिनिटांची झाली. पण सूर लावायची पद्धत, शब्दाला दिलेली गोलाई, लयीशी चाललेला खेळ ओळखीचा होता. तिथे तडजोड केली असती तर बाकी सगळं डोलारा ठरलं असतं.

‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटाचा पेच आणखी निराळा. १९६७ च्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकाला पंडित जितेंद्र अभिषेकींची पदं होती आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब. चित्रपटाने ती पदं ठेवली आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी सोबत जोडली. म्हणजे संस्थानी काळाची कथा, साठच्या दशकातली नाट्यपदं आणि एकविसाव्या शतकातल्या रचना, तिन्ही एकत्र. तरी चित्रपट फुटत नाही. कारण कथेचा आधार दोन गायकींमधला फरक आहे, एक प्रासादिक आणि एक आक्रमक. राहुल देशपांडे, महेश काळे आणि शंकर महादेवन यांच्या गळ्यांतून तो फरक स्पष्ट ऐकू येतो. प्रेक्षक चालीचं साल विचारत नाही, घराणं विचारतो.

शिवकाळाचा तयार आवाज

आता त्या सापळ्याकडे. ‘त्या काळाचं वाटतं’ असं प्रेक्षक म्हणतो तेव्हा तो मूळ काळाशी तुलना करत नसतो, कारण तो त्याने ऐकलेलाच नाही. तो आधीच्या चित्रपटांशी, नाटकांशी, मालिकांशी तुलना करत असतो. लखनौ म्हणजे सारंगी आणि संतूर, ही समजूत चित्रपटांनीच घातली. शिवकाळाचंही तसंच.

भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी संगीत दिलं. तिथे लोकगीतांचे साचे होते, मोजका वाद्यमेळ होता आणि गाण्याला घरगुती, गावठाणातली ऊब होती. शौर्य होतं, पण कानठळ्या नव्हत्या. दिगपाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) या मालिकेत गोंधळ, जोगवा, अभंग ही रूपं पुन्हा कथेच्या आत आली, आणि ते या मालिकेचं बलस्थान आहे. त्यांच्या सोबतीला मात्र एक नवा ठरीव आवाज आला: भरदार ढोल, मागून उसळणारा पुरुषांचा कोरस, तुतारीची ललकारी. हाच आवाज हिंदीत ‘तान्हाजी’तही (२०२०) ऐकू आला. हा ढोल ऐकताना आठवण होते ती पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीची. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ नंतरचा, आणि आजची शेकडो ढोलांची शिस्तबद्ध पथकं त्याहून कितीतरी अलीकडची. म्हणजे ज्याला आपण शिवकाळाचा नाद समजतो, त्यात लक्ष्मी रोडचा वाटा मोठा आहे.

‘छावा’वरची टीका या पार्श्वभूमीवर तपासली तर ती निम्मी अन्यायाची आणि निम्मी न्यायाची ठरते. प्रेक्षकाला ढोल-कोरसाचा सवयीचा आवाज हवा होता आणि तो मिळाला नाही, ही तक्रार असेल तर ती सवयीची तक्रार आहे. रहमान यांनी वेगळा वाद्यमेळ वापरणं हा त्यांचा हक्क. पण अरिजीत सिंग यांच्या आवाजातलं प्रेमगीत संभाजी महाराज आणि येसूबाईंच्या नात्यावर येतं तेव्हा तो माईकशी जवळीक साधणारा, आजच्या शहरी प्रेमकथेतला आवाज असतो. नातं राजा-राणीचं, काळ युद्धाचा, घर राजवाड्याचं. गळा मात्र कॉलेजातल्या विरहाचा. इथे तक्रार खरी आहे. वाद्यवृंद मराठमोळा केला असता तरी ती मिटली नसती.

याच चित्रपटाच्या ट्रेलरमधल्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढलं. आक्षेपाचं मूळ पुन्हा जागेतच होतं: छत्रपतींनी कुणासमोर, कसं नाचावं? डोळ्यांना जे खटकलं त्यावर लगेच उपाय झाला. कानाला खटकलं त्यावर कुणी उपाय सुचवलाही नाही, कारण नेमकं काय खटकलं याला आपल्याकडे शब्द तयार नव्हते.

परदेशात काय झालं

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. ‘क्वो व्हाडिस’साठी (१९५१) मिक्लोश रोझा यांनी प्राचीन संगीत धुंडाळलं. रोमन संगीत जवळपास काहीच उरलेलं नसल्याने त्यांनी ग्रीक अवशेषांचा आधार घेतला, त्यात सेकिलोसच्या थडग्यावर कोरलेली चालही होती. पुढे हॉलिवूडमधला रोम दशकानुदशकं त्याच धाटणीत वाजत राहिला. संशोधनातून सुरुवात झाली आणि रूढी तयार झाली.

स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) अठराव्या शतकाचं काटेकोर दर्शन घडवलं, मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रीकरण केलं, हँडेलची सरबांद वापरली. प्रेमप्रसंगासाठी मात्र त्यांनी शूबर्टचं १८२७ मधलं पियानो त्रिकूट निवडलं. चित्रपटाचा शेवट १७८९ मधला, तेव्हा शूबर्टचा जन्मही झाला नव्हता. शोकांत प्रेमाला शोभेल असं काही त्यांना अठराव्या शतकातल्या संगीतात मिळालं नाही, असं त्यांचं म्हणणं. ती निवड चालून गेली, कारण ते संगीत कथेबाहेरचं आहे आणि त्याचा संयम चित्रपटाच्या संयमाशी जुळतो. ‘द स्टिंग’ची (१९७३) कथा १९३६ ची आणि संगीत स्कॉट जॉप्लिनचं, जो १९१७ मध्येच वारला होता. त्या रॅगटाइममधला मिस्कीलपणा ठकसेनांच्या कथेला इतका शोभला, की तीसच्या दशकाचा आवाज हाच असं अनेकांना वाटू लागलं. ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये (१९८१) १९२४ च्या ऑलिम्पिकचे धावपटू व्हँगेलिस यांच्या सिंथेसायझरवर धावले आणि त्या संगीताला ऑस्कर मिळालं. ‘अ नाइट्स टेल’ने (२००१) तर घोड्यांवरून भाल्यांनी खेळल्या जाणाऱ्या मध्ययुगीन झुंजींच्या प्रेक्षकांना थेट रॉक गाण्यावर टाळ्या वाजवायला लावल्या.

शेवटचं उदाहरण सर्वांत धीट आहे आणि सर्वांत प्रामाणिकही. पहिल्याच दृश्यात चित्रपट सांगून टाकतो, की आमचा काळाशी करार असा असा आहे. त्यानंतर तो मोडत नाही. अस्सलपणाचा दावा करून मग बाजारू होणारे चित्रपट यापेक्षा अधिक खोटे असतात.

निकष

या साऱ्यावरून तीन प्रश्न हाती येतात. हे संगीत कथेत कुणाला ऐकू येतं आहे का? ऐकू येत असेल तर गाणाऱ्याचा गळा आणि गाण्याची जागा त्या समाजात बसते का? आणि चित्रपटाने सुरुवातीला काळाशी जो करार केला, तो शेवटपर्यंत पाळला का? ‘संत तुकाराम’, ‘शतरंज के खिलाडी’, ‘बालगंधर्व’ तिन्ही प्रश्नांना उत्तर देतात. ‘मुघल-ए-आझम’ आणि ‘उमराव जान’ साल चुकवूनही गळ्यावर पार पडतात. ‘पिंगा’ जागेवर अडतं, ‘छावा’चं प्रेमगीत गळ्यावर. वाद्यांची जन्मसालं या यादीत मी मुद्दाम घातलेली नाहीत. ती अभ्यासकाने टिपावीत, प्रेक्षकाने त्यावर निकाल देऊ नये.

महाराष्ट्र या बाबतीत नशीबवान आहे. रोझांना रोमन गवई मिळणं शक्य नव्हतं. आपल्याकडे गोंधळी आहेत, कीर्तनकार आहेत, डफावर माईकशिवाय मैदान भरणारे शाहीर आहेत, आणि वारीत गाणाऱ्या बायका आहेत. काळाने त्यांची चाल बदलली असेल, पण आवाज फेकण्याची रीत आणि गाण्याच्या जागेची जाण त्यांच्याजवळ अजून आहे. चित्रपटाला तलवारीची मूठ आणि पगडीचा पेच तपासायला सल्लागार लागतो, तसा गळ्यासाठीही लागावा. आणि त्याला वाद्यमेळ लिहून झाल्यावर नाही, चाल बांधायच्या आधी बोलवावं. त्यानंतर संगीतकाराने गिटार वाजवली तरी आमची हरकत नसेल.